शिबिर संपल्यावर सुचलेली धून

एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प आटपून घरी आलेल्या मुलामुलींचं दोन दिवस काय होतं, हे ज्यांनी कॅम्प केलाय त्यांना वेगळं सांगायला नको. एकांकिका स्पर्धेनंतर सेट उतरवून टेम्पोत भरल्यावरही तेच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडतो, कुणीतरी 'परत भेटूया' म्हणतं, आणि मग एकदम शांतता. घरचे म्हणतात, "अगं, सात दिवसांचाच तर कॅम्प होता, एवढं काय?" एवढं काय, ते आपल्यालाही सांगता येत नाही.

१९८२ साली अमेरिकेतल्या एका पस्तिशीच्या माणसाचं नेमकं हेच झालं होतं. फरक एवढाच की त्याच्या हातात व्हायोलिन होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांमध्ये त्याने फिडल वाजवणाऱ्यांचं आणि नाचणाऱ्यांचं उन्हाळी शिबिर भरवलं होतं. शिबिर संपलं, सगळे आपापल्या घरी गेले. जंगलातल्या त्या छोट्या दुनियेतून रोजच्या आयुष्यात परतणं त्याला जमेना. त्या उदास मूडमध्ये तो वाजवत बसला आणि एक संथ धून तयार झाली. ती पूर्ण होईपर्यंत डोळ्यांत पाणी आलं होतं, असं त्याने स्वतः पुढे सांगितलंय. गंमत म्हणजे ही धून त्याने कित्येक महिने कुणाला ऐकवलीच नाही. ती वाजवली की आपल्याला एवढं भरून का येतं, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

या माणसाचं नाव जे उंगार. मराठीत 'जे' म्हटलं की वाक्यात भलताच घोळ होतो, म्हणून आपण त्यांना उंगारच म्हणू. आणि मग न्यायाने, त्यांच्यासोबत गिटार, बास आणि पियानो वाजवणाऱ्या, त्या धुनेला नाव देणाऱ्या आणि पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या मॉली मेसन यांना मेसन म्हणू. धुनेचं नाव 'अशोकन फेअरवेल'. अशोकनचा निरोप. आपल्या सम्राट अशोकाशी याचा काडीचाही संबंध नाही. अशोकन हे तिथल्या एका जागेचं नाव आहे, आणि त्या जागेची गोष्ट पुढे येणारच आहे.

तुम्ही ही धून कदाचित ऐकली असेल, नाव माहीत नसताना. यूट्यूबवर 'सॅड व्हायोलिन' असं काही शोधत रात्री दोन वाजता भटकणाऱ्यांना ती कधी ना कधी भेटतेच. ऐकली नसेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी ऐका. सुरुवातीला एकटं व्हायोलिन आहे. एक फेरी पूर्ण होते, मग हळूच गिटार येते, मग बाकीचे. 'फिडल फीव्हर' या त्यांच्या बँडचं ते मूळ रेकॉर्डिंग. ते आधी ऐकायचं, हिरोगिरी करणारे बाकीचे नंतर.

व्हायोलिन की फिडल?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो, म्हणून लगेच उरकून टाकू. वाद्य एकच. लाकूड तेच, चार तारा त्याच, गजही तोच. त्यावर काय आणि कसं वाजवता, यावर नाव बदलतं. सिम्फनी वाजवली की व्हायोलिन, गावच्या नाचासाठी वाजवलं की फिडल. काही फिडलवाले तारांखालची घोडी जरा चपटी करून घेतात, म्हणजे एकाच वेळी दोन तारांवर गज फिरवणं सोपं जातं. काही जण तारांचे सूरच वेगळे लावतात. त्यामुळे मोकळी सोडलेली तार मागे गुंजत राहते, साधारण आपल्या तंबोऱ्यासारखी.

खरा फरक शिकण्यात आहे. फिडलची परंपरा कानावर चालते. कागदावर नोटेशन असतं, छापील पुस्तकंही आहेत, पण मुख्य रस्ता म्हणजे समोरच्याने वाजवायचं आणि आपण उचलायचं. आपल्याकडे गाण्याच्या क्लासला गेलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. उलट आपल्याकडे व्हायोलिनचा एक मोठा प्रवाह लिखित संगीतातून आला. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मुलं स्वरलिपी वाचायला शिकली आणि त्यांच्यातले कितीतरी जण मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच. प्यारेलाल यांनी व्हायोलिन त्यांच्याकडे गिरवलं, आणि 'अमर अकबर अँथनी'मध्ये अमिताभ ज्या नावाने अंड्यातून बाहेर येतो ते नाव म्हणजे या गुरूला केलेला सलाम आहे. तर एकच वाद्य, आणि शिकण्याचे इतके वेगळे रस्ते.

फिडलच्या बहुतेक धुनांचा साचा ठरलेला असतो. दोन भाग, प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा, प्रत्येक भाग दोनदा. झाले बत्तीस. पाश्चात्त्य संगीतात या खंडाला बार म्हणतात. साचा असा का? कारण समोर लोक नाचत असतात. 'कॉन्ट्रा डान्स' नावाच्या नाचात जोड्या समोरासमोर दोन लांब रांगा करतात आणि एक माणूस ओरडून पुढची स्टेप सांगतो. नाचाची एक फेरी बरोबर बत्तीस बारमध्ये बसते, म्हणजे चौसष्ट पावलं, साधारण अर्धा मिनिट. फेरी संपली की प्रत्येक जोडी एक घर पुढे सरकते आणि नव्या जोडीसमोर येते. आपल्या गरब्याच्या सर्कलमध्ये जोडीदार बदलत जातात, तसंच काहीसं. धून दहा-पंधरा वेळा वाजते, तोवर तुम्ही अर्ध्या हॉलशी हात मिळवलेला असतो. लाजाळू माणसाची यातून सुटका नाही.

ब्रॉन्क्सचा मुलगा

आता उंगार कुठले? तुम्हाला वाटेल, डोंगरातल्या एखाद्या जुन्या फिडलवाल्या घराण्यातले असतील, आजोबांच्या मांडीवर बसून शिकले असतील. तसं काहीही नाही. १९४६ साली न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात त्यांचा जन्म. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू स्थलांतरित. म्हणजे स्कॉटलंड, आयर्लंड, अ‍ॅपलाशियन डोंगर, ज्या ज्या ठिकाणांशी फिडलचं नातं सांगितलं जातं, त्यांपैकी एकही त्यांच्या घरात नव्हतं. साठच्या दशकात ग्रीनिच व्हिलेजमध्ये लोकसंगीताची लाट होती, हातात गिटार घेतलेली तरुण पोरं कॅफेत गात होती, त्यात हेही रमले. पुढे 'कॅट मदर अँड द ऑल नाइट न्यूजबॉइज' या भन्नाट नावाच्या रॉक बँडमध्ये होते, मग डेव्हिड ब्रॉमबर्ग यांच्या बँडमध्ये.

मेसन यांचा रस्ता दुसऱ्या टोकाकडून आला. त्यांचं मूळ पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यातलं. 'अ प्रेअरी होम कम्पॅनियन' हा रेडिओवरचा एक तुफान गाजलेला कार्यक्रम होता. किस्से, विनोद आणि लाइव्ह संगीत असा त्याचा मसाला. त्याच्या घरच्या बँडमध्ये त्या वाजवायच्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला दोघांची ओळख झाली, 'फिडल फीव्हर'मध्ये एकत्र वाजवू लागले आणि १९९१ साली त्यांनी लग्न केलं. म्हणजे आधी साधारण दहा वर्षं साथ, मग संसार. हिशोब योग्य क्रमाने केला म्हणायचा.

इथे जरा थांबायला हवं, कारण 'फिडल वाजवणारं जोडपं' म्हटलं की डोळ्यांसमोर दोन फिडल येतात. या घरात फिडलची बाजू उंगार यांची. मेसन यांची ओळख गिटार, डबल बास आणि पियानोवरच्या साथीची. आणि साथीला आपण सगळेच थोडं कमी लेखतो. मैफिलीच्या पोस्टरवर तबलावाल्याचं आणि पेटीवाल्याचं नाव कुठे आणि किती मोठं असतं ते बघा.

फिडलला साथ करणं म्हणजे काय, ते ऐकून समजून घेण्यासारखं आहे. गिटारवर आधी एक खर्जाची तार, मग वरच्या तारांचा झणकार. धूम-छक, धूम-छक. त्यात ठेकाही येतो आणि स्वरांचा पायाही येतो, म्हणजे तबला आणि तंबोरा दोन्हींचं काम एकाच हातात. त्याच्याही पुढची गोष्ट अशी की फिडलवाला तोच सूर धरून असताना साथीदाराने खालचा कॉर्ड बदलला तर त्या सुराचा रंगच बदलतो. एका फेरीत हसरा वाटलेला सूर दुसऱ्या फेरीत हळवा वाटतो, आणि फिडलवाल्याने काहीच वेगळं केलेलं नसतं. 'अशोकन फेअरवेल'मध्ये गिटार येते त्या क्षणी हे ऐका. एकट्या माणसाचं दुःख तिथे एकदम दोघांचं होतं. त्या जागेला माझ्या अंगावर अजूनही काटा येतो.

दोघांनी मिळून रचलेलीही एक धून आहे, 'द लव्हर्स वॉल्ट्झ'. याच नावाचा त्यांचा अल्बम १९९७ साली आला. फेअरवेलइतकी ती प्रसिद्ध नाही, पण फिडल शिकणाऱ्यांमध्ये आणि लग्नसमारंभांत ती आवडीने वाजवली जाते. मला विचाराल तर फेअरवेलपेक्षा ही धून वाजवायला जास्त अवघड. दुःख संथ लयीत निभावून नेता येतं. आनंद गोग्गोड न होऊ देणं, हे कठीण काम.

चार कोटी लोक आणि एक गैरसमज

'फिडल फीव्हर'चा दुसरा अल्बम तयार होत होता. त्यात ही धून घ्यायचं ठरलं आणि तिला नाव हवं होतं. 'अशोकन फेअरवेल' हे नाव सुचवलं मेसन यांनी. अल्बम फार कुठे वाजला-गाजला असं नाही, पण १९८४ साली तो केन बर्न्स नावाच्या तरुण डॉक्युमेंटरी दिग्दर्शकाच्या कानावर पडला. त्याने ती धून आधी एका माहितीपटात वापरली, आणि मग १९९० साली 'द सिव्हिल वॉर' आली.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चाललं. गुलामगिरीच्या प्रश्नावरून देश दुभंगला आणि लाखो सैनिक मेले. बर्न्स यांची मालिका सुमारे अकरा तासांची. त्या काळातले फोटो आणि सैनिकांची पत्रं यांवर ती उभी होती. सुमारे चार कोटी लोकांनी ती पाहिली, तीही सरकारी मदतीवर आणि देणग्यांवर चालणाऱ्या वाहिनीवर, जिथे असे आकडे कुणी स्वप्नातही बघत नाही. त्या अकरा तासांत ही धून पंचवीस वेळा येते, मिळून जवळपास तासभर. पहिल्याच भागात सलिव्हन बॅलू या अधिकाऱ्याने लढाईच्या काही दिवस आधी बायकोला लिहिलेलं पत्र वाचलं जातं. तो त्या लढाईत जखमी होऊन गेला. पत्राच्या मागे ही धून आहे. दुसऱ्या दिवशी अमेरिकेत अनेकांचे डोळे सुजलेले असणार.

आणि इथेच तो मजेदार गैरसमज जन्माला आला. लोकांना वाटलं, ही धून त्या युद्धाच्याच काळातली आहे. कुणीतरी सैनिक रात्री शेकोटीपाशी बसून वाजवत असेल, अशी. मालिकेतलं बाकीचं संगीत खरोखरच एकोणिसाव्या शतकातलं होतं, त्यामुळे लोकांचा दोष नाही. पण ही एक धून तेव्हा जेमतेम आठ वर्षांची होती. ती रचणारा होता ब्रॉन्क्समधल्या ज्यू घरातला मुलगा, रचली होती स्कॉटिश शोकगीताच्या ढंगात, निमित्त होतं उन्हाळी शिबिर संपल्याचं, आणि ती उभी राहिली अमेरिकन यादवी युद्धासाठी. कुणी हा सिनॉप्सिस कॉलेजच्या नाटकासाठी लिहून आणला असता, तर आपण त्याला 'जरा जास्तच होतंय' म्हटलं असतं.

नवी धून इतकी जुनी वाटावी, याला तुम्ही काय म्हणाल? 'पारंपरिक' हा शब्द आपण तारखेवरून ठरवतो. जितकं जुनं, तितकं अस्सल. लोककलेवर प्रोजेक्ट करताना आपणही गावात जाऊन सगळ्यात म्हातारा माणूस कोण ते आधी विचारतो. उंगार यांच्याकडे वय नव्हतं, घराणं नव्हतं, गावही नव्हतं. त्यांनी ती भाषा ऐकून ऐकून एवढी अंगात मुरवली, की मनातलं बोलायची वेळ आली तेव्हा त्याच भाषेत बोलले. आज ही धून अंत्यसंस्कारांना वाजते, निरोपसमारंभांना वाजते, ब्रिटनमध्ये रॉयल मरीन्सच्या बँडने वाजवलेली आवृत्ती लोकप्रिय आहे. वाजवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना ती कुणी रचली हे माहीत नसतं. संगीतकाराच्या दृष्टीने हा सन्मानही आहे आणि डोकेदुखीही. 'पारंपरिक' असा शिक्का बसला की मालकी कुणाचीच उरत नाही, आणि फिडलवर पोट असलेल्या माणसाला ते परवडत नाही. धुनेचे हक्क उंगार यांचे आहेत. तुमच्या शॉर्टफिल्ममध्ये 'जुनं लोकसंगीत आहे, फ्रीच असेल' म्हणून ती टाकायच्या आधी हे लक्षात असू द्या.

शिबिरात काय चालतं

सगळं सुरू झालं ते शिबिरापासून, आणि मला या जोडप्याचं सगळ्यात मोठं काम तेच वाटतं. अशोकनला १९८० साली पहिलं शिबिर भरलं. पुढे त्याचे वेगवेगळे आठवडे झाले. एक उत्तरेच्या संगीताचा, म्हणजे न्यू इंग्लंड, कॅनडाचा क्युबेक प्रांत, स्कॉटलंड, आयर्लंड अशा परंपरा. एक दक्षिणेचा, त्यात अ‍ॅपलाशियन डोंगरातलं आणि लुइझियानाचं केजन संगीत. आणि एक वेस्टर्न स्विंगचा, जिथे फिडल जॅझच्या खांद्यावर हात टाकते.

दिवसा वर्ग, मधल्या वेळात जॅम, रात्री नाच. वर्गात शिकवणारा धुनेचा एक छोटा तुकडा वाजवतो, सगळे तो उचलतात. मग पुढचा तुकडा, मग दोन्ही जोडून. तास संपेपर्यंत कागद न बघता आख्खी धून हातात बसते. पहिल्यांदा हे करणाऱ्यांची फजिती ठरलेली, विशेषतः जे आठ-दहा वर्षं नोटेशन वाचून व्हायोलिन शिकलेत त्यांची. नोटेशन काढून घेतलं की सायकलच्या मागची दोन छोटी चाकं काढल्यासारखं होतं. आणि संथ जॅम ही एक फार माणुसकीची कल्पना आहे. नवशिक्यांनाही सामील होता यावं म्हणून सगळे मुद्दाम हळू वाजवतात. आपल्याकडच्या किती 'जॅमिंग'मध्ये असं होतं? बहुतेकदा तीन जण भारी वाजवतात आणि बाकीचे वीस जण रील शूट करतात.

इथे येणारे बरेचसे लोक व्यावसायिक वादक नसतात. नोकरी करणारे, शिकणारे, निवृत्त झालेले, सगळ्या वयाचे. सकाळी ज्यांच्याकडे शिकायचं, त्यांच्याच वाजवण्यावर रात्री नाचायचं, आणि कधी कधी त्यांच्या शेजारी बसून नाचासाठी वाजवायचं. स्टेज आणि खुर्च्या यांच्यातलं अंतर बरंच कमी होतं. उंगार आणि मेसन यांनी मोठमोठ्या सभागृहांत कार्यक्रम केले, अल्बानीच्या रेडिओ स्टेशनवर 'डान्सिंग ऑन द एअर' हा लाइव्ह कार्यक्रम चालवला, चित्रपटांना संगीत दिलं. तरीही वर्षानुवर्षं उन्हाळ्यात ते या जंगलात परत येत राहिले, कुणाला तरी धुनेचा तिसरा तुकडा पाचव्यांदा वाजवून दाखवायला. शिकवणं हा कलाकाराचा साइड बिझनेस असतो, असं मानणाऱ्यांनी एवढं बघावं की त्यांची सगळ्यात मोठी धून मैफिलीतून आलेली नाही. ती शिबिरातून आली.

पाण्याखालचं गाव

आता ती जागा. अशोकन हे नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेलं मानतात. त्या नावाचं एक छोटं गावही होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क शहराला पाणी कमी पडायला लागलं. १९०७ ते १९१५ या काळात इथे इसोपस नावाची छोटी नदी अडवून मोठं धरण बांधलं गेलं. खोऱ्यातली गावं उठली. सुमारे दोन हजार माणसांना घरं सोडावी लागली, कबरीसुद्धा उकरून दुसरीकडे हलवाव्या लागल्या. मॅनहॅटनच्या नळाला आजही अशोकनचं पाणी येतं.

उजनीत पाणी खाली गेलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, ते पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. मुंबईत नळ सोडताना भातसा आणि तानसा आठवणारेही थोडेच. तर फेअरवेल या शब्दात शिबिराचा निरोप आहेच, पण त्या नावाखाली एक बुडालेलं खोरंही आहे. धून रचताना उंगार यांच्या मनात ते नव्हतं. तरी नाव एकदा जागेचं घेतलं की जागा आपली गोष्टही सोबत आणते.

आणि धरण पुन्हा एकदा या गोष्टीत आलं. शिबिर भरायचं ती जागा धरणाच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. ती न्यू पॉल्ट्झच्या सरकारी विद्यापीठाच्या ताब्यात होती. साडेतीनशे एकरांहून मोठं रान, ओढा, धबधबा, छप्पर असलेला जुना लाकडी पूल. वर्षभर तिथे शाळेची मुलं यायची, निसर्ग आणि जुन्या हस्तकला शिकायला. उन्हाळ्यात फिडल. पण विद्यापीठाला ती मालमत्ता सांभाळायची नव्हती. जमीन विकली जाणार असं दिसू लागलं. इतकी देखणी जमीन न्यूयॉर्कपासून दोन-अडीच तासांवर असेल तर तिथे पुढे काय उभं राहू शकतं, हे लोणावळ्याच्या आसपास फिरलेल्या कुणालाही विचारा. त्यात नदीकाठच्या इमारती सखल भागात होत्या आणि धरणातून पाणी सोडलं की धोका वाढायचा.

ज्या जागेने धून दिली, ती जागाच जाणार. अशा वेळी कलाकार काय करतो? निषेधाची मैफल करतो, पोस्ट टाकतो. या दोघांनी मित्रमंडळी आणि शिबिरार्थी यांना सोबत घेऊन ना-नफा संस्था उभी केली, अशोकन फाउंडेशन. जमिनी वाचवण्याचं काम करणारी एक मोठी संस्था सोबत आली, शहराच्या पाणी खात्याशी बोलणी झाली. २००८च्या सुमारास जागा हाती आली आणि नंतर पुराच्या पाण्यापासून दूर, उंचावर नव्या इमारती बांधल्या गेल्या. वाक्यात हे दोन ओळींत संपलं. प्रत्यक्षात त्यात बैठका, वकील, कागद, निधी आणि पुन्हा बैठका असं सगळं असतं. हे काम करताना गज हातात धरता येत नाही. पण ते झालं नसतं तर पुढच्या वर्षीच्या शिबिराला जायचं कुठे, हा साधा प्रश्न होता.

एक गोष्ट राहिली. उंगार यांची मुलगी रूथ. तीही फिडल वाजवते, गाते. तिचा नवरा माइक मेरेंडा गातो, गाणी लिहितो, आणि 'द मॅमल्स' हा दोघांचा बँड आहे. घराणं नसलेल्या माणसाच्या घरात आता घराणं तयार झालंय, म्हणजे ब्रॉन्क्सचा तो मुलगा ज्या अडचणीतून गेला ती पुढच्या पिढीला नाही. तिला दुसरी अडचण असणार. प्रसिद्ध बापाची प्रसिद्ध धून प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी मागतंच.

तुमच्यापैकी कुणाकडे व्हायोलिन असेल, क्लास अर्धवट सोडलेला असेल, केस कपाटावर धूळ खात असेल, तर ही धून कानाने उचलून बघा. डी मेजरमध्ये आहे, तीन मात्रांच्या संथ लयीत. फार उड्या नाहीत, बोटं फार पळवावी लागत नाहीत. नोटेशन नेटवर सापडेल, ते उघडू नका. चार-चार बारचे तुकडे करा, एकेक तुकडा गुणगुणता यायला लागला की मगच गज हातात घ्या. वेग नंतर. गिटार वाजवणारी मैत्रीण किंवा मित्र असेल तर त्याला दुसऱ्या फेरीला आत घ्या, पहिल्या नाही.

अशोकनच्या शिबिरांमध्ये ही धून निरोपाचा वॉल्ट्झ म्हणून वाजते. वाद्यं एकाच चालीत चालतात, लोक जोडीने सावकाश फिरतात. नंतर गाड्यांच्या डिक्क्या उघडतात, स्लीपिंग बॅगा आत जातात, कुणीतरी कुणाचा तरी नंबर मागतं.